सासूसमोर विचारलेला प्रश्न

या भाषणासाठी फोन आला तेव्हा पलीकडच्या बाई म्हणाल्या, "विषय आहे किशोरवयीन मुलींचं आरोग्य. पण डॉक्टर, जरा जपून हं. त्या वेळेला घरातले सगळे जेवायला बसलेले असतात." मी म्हटलं, मग तर उत्तमच. सगळे एकत्र असताना या विषयावर कुणीतरी बोलायलाच हवं. फोन ठेवला आणि आठवलं, की सगळ्यांसमोर बोलण्याच्या याच हौसेपायी मी एका मुलीचं नुकसान करून बसले होते.

गोष्ट 1986 सालची. मी नुकतीच एका सरकारी रुग्णालयात नोकरीला लागले होते. दुपारचे बारा वाजले असतील, बाहेर अजून चाळीसएक बायका बाकांवर बसलेल्या. एक मुलगी आत आली. वय सतरा, लग्नाला आठ महिने. अंगात ताप, ओटीपोटात दुखणं, चालताना कमरेत वाकलेली. बरोबर सासू. मी टेबलाच्या अलीकडून एका दमात विचारलं, "पांढरं जातं का? वास येतो का? संबंधाच्या वेळी दुखतं का?" मुलीनं फरशीकडे बघत मान हलवली, नाही. पुढचं सासूच बोलली, "पाळीचं दुखणं हाय बाई, आमच्यात सगळ्यांनाच होतं." मी तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा नंबर पुकारला. तपासणीच्या टेबलावर तिला घेतलंसुद्धा नाही.

सात वर्षांनी ती माझ्या दवाखान्यात आली. तोवर मी तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना थाटला होता. तक्रार एकच, मूल नाही. गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढला. फिल्म उजेडासमोर धरली तर औषध गर्भाशयात छान भरलेलं, आणि दोन्ही कोपऱ्यांवर जिथं गर्भनलिका सुरू होतात तिथं थबकलेलं. पुढं काहीच नाही. नवऱ्याला वेगळं बसवून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, लग्नाआधी मुंबईला कामाला असताना लघवीला जळजळ झाली होती, पू जायचा, कुठल्याशा डॉक्टरकडून एक इंजेक्शन घेतलं, बरं वाटलं, मग कुणाला सांगायचं कशाला? घरात तोवर त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात झाली होती.

तिनं मला ओळखलं होतं. जाताना म्हणाली, "बाई, तुम्ही तवा विचारलं होतं. पण सासूबाई उभ्या होत्या ना." आवाजात तक्रार नव्हती.

तिच्या आजाराला आम्ही डॉक्टर पीआयडी म्हणतो, पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज. साध्या मराठीत, जननमार्गाच्या वरच्या भागात पोचलेला संसर्ग. योनीतून किंवा गर्भाशयाच्या तोंडातून जंतू वर चढतात, गर्भाशयाच्या अस्तरात आणि तिथून गर्भनलिकांत शिरतात. नलिका आतून किती नाजूक असते म्हणून सांगू! बीजाला गर्भाशयाकडे ढकलण्यासाठी तिच्या आत केसांसारखे सूक्ष्म तंतू हलत असतात. सूज आली की हे तंतू झडतात, भिंती एकमेकींना चिकटतात. वाट पूर्ण बंद झाली तर मूल राहत नाही. अर्धवट बंद झाली तर गर्भ नलिकेतच अडकतो, ती फुटते, आणि मग बाईच्या जिवावर बेतू शकतं. हे जंतू बहुतेक वेळा शरीरसंबंधातून येतात, परम्याचे किंवा क्लॅमिडियाचे. कधी अस्वच्छ गर्भपातातून, कधी बाळंतपणातल्या निष्काळजीपणातून. आपल्याकडे आणखी एक वाट आहे, क्षयाची. छातीतला क्षय रक्तावाटे गर्भनलिकांत जाऊन बसतो आणि मुलीला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

हे सगळं आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतं. पण तिथवर यायला माणसांना फार वेळ लागला, आणि वेळ का लागला हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

न्यूयॉर्कमध्ये एमिल नोगेराथ नावाचे मूळचे जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांत त्यांना एकच कहाणी पुन्हा पुन्हा दिसायची. धडधाकट मुलगी लग्न होऊन जाते, काही महिन्यांत ओटीपोट दुखायला लागतं, मूल होत नाही, किंवा एक होऊन थांबतं. त्या काळी अशा बाईचं निदान ठरलेलं असे, प्रकृती नाजूक, नसा कमकुवत. नोगेराथांनी नवऱ्यांना विचारायला सुरुवात केली. लग्नाआधी परमा झाला होता का? उत्तर येई, हो, पण तो केव्हाच बरा झाला. 1872 मध्ये त्यांनी पुस्तक लिहून मांडलं, की तो बरा झालेला नसतो. तो पुरुषात लपून राहतो आणि बायकोच्या पोटात जाऊन तिला आजारी आणि निपुत्रिक करतो. 1876 मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हेच मांडलं, तेव्हा त्यांच्या व्यवसायबंधूंना ते पटलं नाही. सभ्य घरांतल्या नवऱ्यांवर असा आळ? 1879 मध्ये आल्बर्ट नाइसर यांनी परम्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, तेव्हा कुठं नोगेराथांकडे नव्यानं बघणं सुरू झालं. माझ्या त्या मुलीच्या नवऱ्याचं मुंबईतलं इंजेक्शन आणि नोगेराथांच्या रोग्यांचं "केव्हाच बरा झाला", यांत जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचं अंतर!

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? 1884 मध्ये मुंबईत दादाजी भिकाजीनं रखमाबाईंवर दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदायला जायला नकार दिला होता. 1887 मध्ये न्यायालयानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग चालेल म्हणून कळवलं. प्रकरण पुढं पैशावर मिटलं, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला बायकांच्या रुग्णालयात त्यांनी पुढची कित्येक वर्षं काढली. त्यांना पाठबळ देणाऱ्यांत डॉ. एडिथ पेची होत्या. 1886 मध्ये मुंबईत सुरू झालेलं कामा रुग्णालय त्यांच्या देखरेखीखाली होतं. तिथं डॉक्टरही बायकाच. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा घरात मेलेलं बरं असं मानणाऱ्या घरांतल्या बायका निदान तिथवर येऊ शकत होत्या.

मग 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला उभा राहिला. जेमतेम दहा-अकरा वर्षांची ही मुलगी पस्तिशीच्या आसपासच्या नवऱ्याशी झालेल्या संबंधात रक्तस्राव होऊन दगावली होती. त्याच वर्षी हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयांना अर्ज केला. त्यात त्यांनी स्वतः पाहिलेल्या बालिका-वधूंच्या जखमा नोंदवल्या होत्या. बेहरामजी मलबारींनी चळवळ उभी केली, आणि 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन वय दहावरून बारावर आलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात या कायद्याचा धडा असतो. टिळकांचा विरोध कशाला होता, सुधारकांचं म्हणणं काय होतं, परक्या सरकारला आमच्या चालीरीतींत हात घालायचा अधिकार आहे का, हे सगळं त्यात येतं. त्या स्त्री-डॉक्टरांचा अर्ज मला कधी धड्यात दिसला नाही. सगळा वाद धर्म आणि राज्य यांचा झाला आणि ज्या शरीराबद्दल तो चालला होता ते शरीर बाजूलाच राहिलं. मला टिळकांबद्दल आदर आहे, पण इथं मी त्या डॉक्टरणींच्या बाजूची.

यानंतरची मोठी गोष्ट स्वीडनमधली. लुंड नावाच्या विद्यापीठाच्या गावी लार्स वेस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी शंका काढली. ओटीपोट दुखतं म्हणून आलेल्या बाईला आपण पीआयडी म्हणतो, पण आत खरोखर तसं असतं का? त्यांनी बेंबीजवळ छोटी चीर घेऊन दुर्बिणीतून आत पाहायला सुरुवात केली. 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानं डॉक्टरांची चांगलीच जिरली. बाहेरून केलेलं निदान शंभरातल्या पासष्ट बायकांच्या बाबतीतच बरोबर निघालं. म्हणजे अनुभवी हातसुद्धा तीनांत एकदा चुकतो.

पुढं त्यांनी या बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 1992 मध्ये आलेल्या अहवालात अशा 1844 बायका होत्या. एकदा पीआयडी झालेल्यांपैकी मूल हवं असणाऱ्या सुमारे 8 टक्के बायकांना नलिका बिघडल्यामुळे मूल झालं नाही. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण जवळपास 20 टक्के, तीनदा झालेल्यांत 40. प्रत्येक वेळी दुप्पट. याच नोंदींवरून पुढं असंही दिसलं, की दुखायला लागल्यापासून तीन दिवसांच्या आत उपचाराला आलेल्या आणि त्यानंतर आलेल्या बायकांत मोठा फरक पडतो. उशीर करणाऱ्यांत मूल न राहण्याचा किंवा गर्भ नलिकेत अडकण्याचा धोका अडीचपटीच्या घरात गेला होता. माझ्या मुलीनं सासूला सांगून, बैलगाडीची सोय होऊन, रुग्णालयात पोचायला किती दिवस लावले होते, हे मी विचारलंच नव्हतं.

वेस्ट्रॉम यांचा आणखी एक हिशेब मी विद्यार्थिनींना नेहमी सांगते. शरीरसंबंध सुरू झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला हा आजार होण्याचा धोका त्यांच्या अंदाजानं आठात एक, आणि चोवीस वर्षांच्या बाईला ऐंशीत एक. दहापट! कारणं शरीरातच आहेत. या वयात गर्भाशयाच्या तोंडावरचा नाजूक थर अजून बाहेरच्या बाजूला असतो आणि क्लॅमिडियासारख्या जंतूंना तोच आवडतो. पण शरीराबाहेरची कारणंही तेवढीच मोठी. तिला नवऱ्याला "तू तपासून घे" म्हणता येत नाही. दवाखान्यात जायचे पैसे तिच्या हातात नसतात. आणि तिच्याकडून उत्तरं द्यायला कुणीतरी मोठं माणूस शेजारी उभंच असतं.

तुम्ही म्हणाल, हे स्वीडनचं झालं. म्हणून आता गडचिरोलीला या.

1982 मध्ये चंद्रपूर जिल्हा तोडून गडचिरोली जिल्हा झाला आणि काही वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथं कामाला गेले. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या वेळी सरकारच्या लेखी खेड्यातली बाई म्हणजे दोन गोष्टी, बाळंतपण आणि नसबंदी. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतही याच दोनांसाठी रकाने. बाकी तिला काही होतं का, हे जगात कुठल्याच देशात खेड्यातल्या घराघरांत जाऊन कुणी नीट मोजलेलं नव्हतं. रुग्णालयात आलेल्या बायका मोजायच्या तर येतात त्याच मोजल्या जाणार.

बंग दांपत्यानं दोन गावं घेतली आणि गावातल्या सगळ्याच स्त्रियांना तपासणीला बोलावलं, तक्रार असो वा नसो. पाळी सुरू झालेल्या अविवाहित मुलींनासुद्धा. गावात असं काही करायचं तर आधी गावाची मनं वळवावी लागतात, हे खेड्यात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. मी स्वतः तांबीच्या शिबिरासाठी एका गावात तीन वेळा जाऊन हात हलवत परत आलेली आहे. इथं 650 जणी तपासून झाल्या. 14 जानेवारी 1989 च्या 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष छापून आले. 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. प्रत्येकीमागे सरासरी 3.6 आजार. त्यांतले निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि यापूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या बायका फक्त 8 टक्के.

92 आणि 8. हा आकडा पुढं जगभर गेला. 1994 च्या कैरो परिषदेत कुटुंबनियोजनाच्या पलीकडे जाऊन प्रजनन आरोग्याची भाषा सुरू झाली, त्यामागे जी कामं होती त्यांत गडचिरोलीचं नाव मानानं घेतलं जातं. मला स्वतःला मात्र त्या लेखातला वेगळाच आकडा हलवून गेला. त्या बायकांपैकी 45 टक्के जणींनी आपल्याला काही तक्रार नाही असं सांगितलं होतं. आजार होते, तक्रार नव्हती. काही आजार मुके असतात हे खरं. क्लॅमिडिया तर बहुतेक वेळा काही बोलतच नाही. पण बाईच्या जातीला हे चालायचंच, असं आईकडून आणि सासूकडून ऐकत आलेली बाई कशाला तक्रार म्हणते आणि कशाला नाही, याचाही हिशेब त्यात असणार. "आमच्यात सगळ्यांनाच होतं" हे वाक्य मी ऐकलं होतंच की. तो अंक माझ्या हाती पडला तेव्हा ती मुलगी डोळ्यांपुढं आली. ती परत यायला अजून चार वर्षं होती.

यावर उतारा म्हणून आम्ही डॉक्टरांनी दुसरं टोक गाठलं. पांढरं जातं म्हटलं की जंतूंच्या गोळ्या. तेही चूक होतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच हजारांच्या आसपास स्त्रियांचा अभ्यास केला, 2005 मध्ये तो प्रसिद्ध झाला. अंगावरून जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांत जंतुसंसर्गापेक्षा मनाचा ताण, नैराश्य, अंग मोडून येणं यांच्याशी त्या तक्रारीचं नातं जास्त घट्ट निघालं. म्हणजे जिच्या नलिका सडताहेत ती गप्प, आणि जी पांढरं जातं म्हणून रोज येते तिला सांगायचंय भलतंच काही, कदाचित घरातल्या मारहाणीचं. "पांढरं जातं" हा बाईच्या ओठांवर येऊ शकणारा एकमेव शब्द असतो, म्हणून ती तो वापरते. गोळी देऊन त्या बाईला घालवणंही सासूसमोर प्रश्न विचारण्याइतकंच सोपं आहे.

आता सोयी पुष्कळ झाल्या. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं लक्षणांनुसार उपचाराची रंगीत पाकिटं केली, त्यात ओटीपोटाच्या दुखण्याचं पाकीट पिवळं. दोन आठवड्यांच्या गोळ्या पूर्ण करायच्या आणि जोडीदारालाही औषध द्यायचं, हा त्यातला खरा मुद्दा. जोडीदाराचं औषध घरात कोण नेऊन देणार, इथं गाडं अडतं. किशोरवयीनांसाठी आपल्या सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' नावाची खोली असते. 2018 मध्ये महाराष्ट्रानं जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना स्वस्तात पॅड देणारी अस्मिता योजना आणली. चांगलंच केलं, मुलगी पाळीच्या दिवसांत शाळेत टिकते. पण पॅड वाटले म्हणजे किशोरीचं आरोग्य झालं असं भाषणांत ऐकते तेव्हा राग येतो. नलिकेत चढणारा परमा पॅडनं थांबत नाही.

आणि लग्नं? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यांना आज कायद्यानं दवाखान्यात यायचीच भीती वाटते, ही त्यातली गंमत. 2012 च्या पोक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या मुलीशी कुठलाही शरीरसंबंध हा गुन्हा ठरवला आणि तो कळला की पोलिसांना कळवणं सक्तीचं केलं. कायदा हवाच होता. शोषण झालेल्या किती मुलींना त्यानं आधार दिला. पण सोळा-सतराची, चोरून लग्न लावलेली मुलगी ओटीपोट धरून आली की नवरा आत जाईल म्हणून घरचे तिचं वय एकोणीस सांगतात. नाहीतर गावातल्या भोंदूकडे नेतात, आणि तीन दिवसांचे तेरा होतात. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव पोलिसांना न कळवण्याची मुभा डॉक्टरांना दिली. ओटीपोटाच्या दुखण्यासाठी आलेल्या मुलीबद्दल त्यात काही नाही. 1891 प्रमाणे वाद पुन्हा वयाचा झाला, पोटाचं राहिलं.

मी आता आठवड्यातून एक दिवस अशाच एका मैत्री क्लिनिकमध्ये बसते, हौस म्हणून. मुलगी एकटी येत नाही. आई असते, आत्या असते, सासू असते. तिनं बाहेर थांबावं असं सरळ म्हटलं तर ती बिथरते, पोरीनं काहीतरी केलंय असंच तिला वाटतं. म्हणून मी एक युक्ती काढली आहे. केसपेपर हातात देऊन म्हणते, "आत्या, यावर खिडकीत शिक्का राहिलाय, तेवढा मारून आणता का?" शिक्का लागत नाही. खिडकीतल्या मुलाला मी सांगून ठेवलंय, तो आधी पेन शोधतो, मग शाई.

गेल्या महिन्यात एक अशीच आली, अठराची, नवी नवरी. आत्या शिक्क्याला गेल्या. मी खुर्ची तिच्या जवळ ओढून घेतली आणि काहीच विचारलं नाही. ती थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, दार लावू का?"